मोटारीची वॉरंटी: एका कुंपणाचा इतिहास

नव्या मोटारीबरोबर मिळणाऱ्या हमीपुस्तिकेत कंपनी काय दुरुस्त करून देईल हे एक-दोन परिच्छेदांत आटोपलेले असते, आणि काय करून देणार नाही याची यादी मात्र पुढे पाने भरून चालते. ही विषमता अलीकडच्या वकिलांच्या अतिसावधपणातून आलेली आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी इतिहास वेगळे सांगतो. मोटार-उद्योगाने लेखी हमी देण्यास सुरुवात केली ती मुख्यतः कायद्याने अंगावर येऊ शकणारी मोठी जबाबदारी लहानशा जागेत आवरून घेण्यासाठी. त्यामुळे वगळलेल्या बाबींची यादी ही हमीला मागाहून लावलेली पुरवणी समजता येत नाही. कुंपण आधी घातले गेले आणि त्याच्या आत किती जमीन ठेवायची याचा वाद नंतर, न्यायालयांच्या, कायदेमंडळांच्या आणि बाजारातील चढाओढीच्या रेट्याने, सुमारे शंभर वर्षे चालत राहिला.

या वादाची मुळे मोटारीच्या कितीतरी आधीची आहेत. इंग्लंडमध्ये १६०३ साली निकाली निघालेल्या ‘चँडेलर विरुद्ध लोपस’ या दाव्यात एका सोनाराने बेझोअर म्हणून, म्हणजे जनावरांच्या पोटात सापडणारा आणि विषावर उतारा समजला जाणारा खडा म्हणून, शंभर पौंडांना विकलेली वस्तू खोटी निघाली, असा खरेदीदाराचा आरोप होता. परंतु ‘हा बेझोअर आहे’ असे नुसते म्हणणे म्हणजे त्याची हमी घेणे नव्हे, असे ठरवून न्यायालयाने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले. घेणाऱ्याने पारखून घ्यावे, नंतर तक्रार करू नये, हे तत्त्व पुढे दोन-अडीच शतके टिकले. त्याला अपवाद होता तो विक्रेत्याने उघड शब्दांत दिलेल्या हमीचा, आणि अशा हमीचा सर्वांत गजबजलेला प्रांत म्हणजे घोड्यांचा व्यापार. ‘घोडा निर्दोष आहे’ अशी हमी देऊन विकलेला घोडा आतून रोगी निघाल्यास भरपाई मागता येई, पण घेणाऱ्याच्या डोळ्यांना सहज दिसणारा दोष त्या सर्वसाधारण हमीत येत नसे. रंगावरील ओरखडा मोटार ताब्यात घेताना दाखवला नाही तर नंतर तो ऐकून घेतला जात नाही, या आजच्या वहिवाटीचा पूर्वज तो घोडेबाजार होय.

एकोणिसाव्या शतकात, माल कारखान्यातून येऊ लागला आणि ग्राहकाला तो उघडून पाहणेही अशक्य झाले तेव्हा, इंग्रजी न्यायालयांनी हळूहळू ‘गर्भित’ शर्तींची कल्पना मान्य केली. गर्भित म्हणजे करारात लिहिलेली नसली तरी कायद्याने त्यात असल्याचे धरली जाणारी. मॅकेन्झी चामर्स यांनी मसुदा केलेल्या १८९३ च्या इंग्रजी मालविक्री कायद्यात ती ग्रथित झाली आणि तेथून भारताच्या १९३० च्या मालविक्री अधिनियमात आली. या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये शर्त आणि हमी असा महत्त्वाचा भेद केलेला आहे: शर्त मोडली तर ग्राहकाला वस्तू नाकारून पैसे परत मागता येतात, हमी मोडली तर वस्तू ठेवून केवळ नुकसानभरपाई मागता येते. कलम १६ नुसार माल ज्या कामासाठी घेतला त्या कामास तो योग्य असावा आणि विक्रीयोग्य दर्जाचा असावा, अशा शर्ती ठरावीक परिस्थितीत आपोआप लागू होतात. मात्र कलम ६२ उभय पक्षांना आपसांतील कराराने त्या दूर ठेवण्याची मुभाही देते. मोटार कंपन्यांच्या छापील हमीचे सारे चातुर्य या मुभेत आहे. कायद्याने ग्राहकाला पैसे परत मागण्याचा किंवा भरपाईचा मार्ग दिला होता. छापील हमी त्या दोन्हींपेक्षा एक पायरी खाली उतरते आणि सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देणे एवढ्यावरच थांबते.

हे चातुर्य प्रथम अमेरिकेत आकाराला आले. तेथील मोटार कारखानदारांनी आपल्या संघटनेमार्फत एकच नमुना-हमी तयार केली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक कंपन्या ती शब्दशः वापरत होत्या. तिची मुदत ९० दिवस किंवा ४,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तेवढी. सदोष वाटणारा भाग ग्राहकाने वाहतुकीचा खर्च स्वतः सोसून कारखान्यात पाठवायचा. तपासणीत कंपनीचे समाधान झाले तरच तो बदलून मिळायचा. आणि ही हमी इतर सर्व उघड वा गर्भित हमींच्या ऐवजी आहे, असे तिच्यातच बजावलेले असे. या कागदाच्या जोडीला कारखानदारांना आणखी एक आडोसा होता. ग्राहकाचा करार गावातल्या विक्रेत्याशी झालेला असे, कारखान्याशी नव्हे, आणि ज्याच्याशी करारच नाही त्याच्यावर दावा चालत नाही, असा जुना नियम होता. या आडोशाला पहिला मोठा धक्का १९१६ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात बसला. ‘मॅकफर्सन विरुद्ध ब्यूइक’ या खटल्यात लाकडी आऱ्यांचे चाक मोडून मोटारमालक जखमी झाला होता. चाक ब्यूइकने दुसऱ्या कारखान्याकडून घेतले होते आणि मोटार मालकाने विक्रेत्याकडून घेतली होती, तरीही निष्काळजीपणाची जबाबदारी ब्यूइकवर येते, असे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी ठरवले. परंतु हा निर्णय निष्काळजीपणापुरता होता, आणि कारखान्याच्या आत कोणाचा हलगर्जीपणा झाला हे बाहेरच्या माणसाने सिद्ध करायचे असल्यामुळे छापील हमीचे कुंपण तसेच उभे राहिले.

ते हलवणारा खटला न्यू जर्सी राज्यातला आहे आणि तो सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण हमीच्या बारीक टाइपाची न्यायालयाने इतकी बारकाईने चिकित्सा त्यापूर्वी क्वचितच केली असेल. मे १९५५ मध्ये क्लॉस हेनिंगसेन यांनी मातृदिनाची भेट म्हणून पत्नीसाठी प्लिमथ मोटार घेतली. ताबा मिळाल्यावर दहाव्या दिवशी, मोटार जेमतेम ४६८ मैल चाललेली असताना, पत्नी ती चालवत होती. पुढच्या बाजूने मोठा आवाज आला, सुकाणू हातातून फिरले आणि मोटार एका भिंतीवर जाऊन आदळली. पुढचा भाग इतका चेपला होता की सुकाणूच्या यंत्रणेत आधीपासून दोष होता किंवा नाही हे तपासून सांगणे अशक्य झाले. विक्रेता आणि क्रायस्लर कंपनी या दोघांनीही खरेदीच्या अर्जाकडे बोट दाखवले. त्या अर्जाच्या पुढच्या बाजूस वरचा मजकूर ठळक असून खाली जबाबदारीच्या परिच्छेदांपाशी येताना अक्षर लहान होत गेले होते, आणि मागच्या बाजूस साडेआठ इंच लांबीच्या बारीक मजकुरात ती ९० दिवसांची नमुना-हमी दडलेली होती. चक्काचूर झालेला भाग टपालखर्च भरून कारखान्यात पाठवावा आणि जखमी व्यक्तीने त्यावर समाधान मानावे, असा त्या हमीचा सरळ अर्थ होत होता.

९ मे १९६० रोजी न्यायमूर्ती जॉन फ्रान्सिस यांनी दिलेल्या निकालाचा गाभा बाजाराच्या रचनेविषयी आहे. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांचा १९५८ च्या प्रवासी मोटारींच्या उत्पादनातील वाटा ९३.५ टक्के होता आणि तिघेही तीच नमुना-हमी वापरत होते. तेव्हा ही हमी पटत नसेल तर ग्राहकाने दुसरीकडे जावे असे म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण दुसरे दुकानच नव्हते. दोन्ही बाजूंना सौदा करण्याची मोकळीक असते या गृहीतावर उभा असलेला करार येथे मुळात झालेलाच नाही, असे पाहून न्यायालयाने जबाबदारी टाळणारा मजकूर सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवला, आणि मोटार चालवण्यायोग्य असल्याची गर्भित हमी कारखान्यापासून थेट तिचा वापर करणाऱ्या कुटुंबीयांपर्यंत पोहोचते असे सांगितले.

त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्डने नव्या मॉडेलांना १२ महिने किंवा १२,००० मैलांची हमी जाहीर केली आणि इतरांनी तिचे अनुकरण केले. यात निकालाचा धाक शोधण्याचा मोह आवरावा हे बरे. मुदत चौपट झाली, पण वगळण्याची भाषा फारशी बदलली नाही, यावरून विक्रीची चढाओढ हेच मोठे कारण दिसते. १९६३ च्या मॉडेलांपासून क्रायस्लरने इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणारे भाग यांना पाच वर्षे किंवा ५०,००० मैलांची हमी देऊन प्रतिस्पर्ध्यांना पेचात टाकले. येथे हमीचे दोन थर पडले: संपूर्ण मोटारीसाठी छोटी मुदत आणि शक्तिसंचाच्या भागांसाठी लांब मुदत. लांब मुदतीबरोबर नवी अटही आली, ती म्हणजे ठरलेल्या काळाने तेल आणि गाळणी बदलल्याचा पुरावा मालकाने जपून ठेवण्याची. आज सर्व्हिसच्या नोंदी अपुऱ्या असल्याच्या कारणाने जे दावे फेटाळले जातात त्यांची सुरुवात अशा औदार्याच्या पोटी झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हा खर्च कंपन्यांना झेपेना तेव्हा दशकाच्या अखेरीस त्यांनी मुदती पुन्हा आखडल्या.

१९७५ च्या जानेवारीत अमेरिकेत मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा झाला. त्याने कंपन्यांना हमी देण्याची सक्ती केली नाही. दिली तर ती सोप्या भाषेत लिहावी, ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे शीर्षकातच सांगावे आणि लेखी हमी देऊन गर्भित हमी मात्र सरसकट नाकारण्याची जुनी युक्ती बंद करावी, एवढे त्याने ठरवले. ‘पूर्ण’ या शिक्क्याबरोबर येणारी बंधने पाहून मोटार कंपन्यांनी जवळपास एकमुखाने ‘मर्यादित’ हा शिक्का पत्करला, आणि तो आजही जगभरच्या हमीपुस्तिकांच्या शीर्षकात आढळतो. त्याच कायद्याने, अमुकच कंपनीचे सुटे भाग किंवा अमुकच दुकानाची सेवा घेतली तर हमी टिकेल, अशी अट घालण्यासही सामान्यतः मनाई केली. वारंवार दुरुस्त करूनही न सुधारणाऱ्या मोटारीबद्दल पैसे किंवा दुसरी मोटार देणारा पहिला राज्य-कायदा १९८२ साली कनेक्टिकटने केला. दर्जाबद्दल बदनाम झालेल्या ह्युंदाईने १९९८ मध्ये अमेरिकेत शक्तिसंचाला दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी दिली, तेव्हा हमी हे जाहिरातीचे शस्त्र म्हणून पूर्ण पाजळले गेले. तरी ती दहा वर्षे पहिल्या मालकापुरतीच होती.

भारतात ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी होत होती, नंतर तेथे फियाट बनू लागली; उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर होती. परवाने, आयातबंदी आणि वितरणावरील सरकारी नियंत्रण यांमुळे मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा बाजारात हमीवरून घासाघीस करण्याचे सामर्थ्य कोणाकडे असणार? हेनिंगसेन निकालात वर्णिलेली कोंडी येथे अधिक कडक रूपात होती आणि तिला न्यायालयात आव्हान देणारा ग्राहकही नव्हता. गाडी हाती पडली हेच भाग्य समजून मालक पहिल्या महिन्यापासून ओळखीच्या मिस्त्रीकडे जात, आणि फियाट किंवा अँबेसेडर त्या मिस्त्रीला इतकी पाठ असे की कंपनीच्या वर्कशॉपची वाट धरण्याचे फारसे कारणही उरत नसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर मोफत सर्व्हिसची कुपने, अधिकृत सेवाकेंद्रे आणि शिक्के मारलेली सर्व्हिसपुस्तिका ही नवी शिस्त मध्यमवर्गात रुजली. हमीचा फायदा मिळाला, पण त्यासाठी मिस्त्रीला सोडून कंपनीच्या दारात जाणे भाग पडले.

कायद्याची बाजूही त्याच सुमारास बदलत होती. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली उभारलेली ग्राहक पंचायत आणि पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत यांनी ग्राहकाच्या हक्कांची मागणी महाराष्ट्रात लावून धरली होती. १९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांचे प्रकरण जोडले गेले आणि पुरेशा चाचणीवाचून दिलेली हमी त्यात गणली गेली; डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण अधिनियम आला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या न चढता, तक्रार करण्याची सोय झाली. परंतु या तक्रारी ऐकणाऱ्या ग्राहक मंचांनी ग्राहकाच्या बाजूने झुकून ‘नवी गाडी द्या’ असे आदेश देण्यास सुरुवात केल्यावर प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात न्यायालयाने हमीच्या शब्दांवर बोट ठेवले: हमी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, तेव्हा तिच्या आधाराने संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. संपूर्ण गाडी किंवा किंमत परत हवी असेल तर निर्मितीतच मूलभूत दोष असल्याचे, बहुधा तज्ज्ञाच्या अहवालाने, दाखवावे लागते, असा दंडक त्यानंतर ग्राहक मंचांत रूढ झाला. २०२१ मध्ये गोव्यातील एका ग्राहकाला २००९ साली बनलेली गाडी २०११ ची म्हणून विकली गेल्याच्या प्रकरणात, कंपनी आणि विक्रेता हे परस्परांशी स्वतंत्र व्यापारी म्हणून वागतात, त्यामुळे विक्रेत्याच्या लबाडीची माहिती नसलेल्या टाटा मोटर्सवर तिचे दायित्व टाकता येत नाही, असे ठरले. एका शतकापूर्वी कारखान्याला आडोसा देणारी करारातील दुराव्याची कल्पना येथे नव्या वेशात पुन्हा दिसते, आणि ती ग्राहकाच्या दृष्टीने समाधानकारक म्हणता येत नाही, कारण त्याला दारावर एकच पाटी दिसत असते. उलट दिशेचा निकाल २०२२ चा आहे: अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात धडक किती जोराची होती याचे भौतिकशास्त्र ग्राहकाने जाणावे अशी अपेक्षा नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

हमीतून वगळलेल्या बाबींचे स्वरूप या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्यांच्यामागील तर्क स्पष्ट होतो. कंपनी केवळ सामग्रीतील आणि जुळणीतील दोषाला बांधील असते. म्हणून वापराने झिजणारे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे रबर, बल्ब आणि गाळण्या बाहेर राहतात. टायर आणि बॅटरी यांची हमी त्यांच्या स्वतंत्र उत्पादकांकडे सोपवलेली असते. यात वादाची जागा असते ती कारण आणि परिणाम यांच्या सीमेवर: क्लच प्लेट झिजली तर तो खर्च मालकाचा, पण इंजिनातील सदोष सीलमधून तेल झिरपून तीच प्लेट खराब झाली तर तो दोषाचा परिणाम ठरतो, आणि हा फरक ज्याला मांडता येतो त्याचा दावा टिकण्याची शक्यता वाढते. दुसरा गट बाहेरून आलेल्या कारणांचा: अपघात, भेसळीचे इंधन, शर्यत, तारा कापून जोडलेली बाजारातील उपकरणे, उंदरांनी कुरतडलेले वायरिंग आणि पूर. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुराने या गटाची तीव्रता हजारो मालकांच्या लक्षात आणून दिली. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केला की हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये शिरते, पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टनचे दांडे वाकतात आणि इंजिन जागच्या जागी अडकते; यात निर्मितीचा दोष नाही म्हणून वॉरंटी लागत नाही, आणि नेहमीच्या विमा पॉलिसीत अनुषंगिक नुकसान वगळलेले असल्यामुळे विमा कंपनीही हात वर करू शकते. या दोन कागदांमधील पोकळीवर नंतर ‘इंजिन संरक्षण’ नावाचे जादा विमाकवच विकले जाऊ लागले. तिसरा गट गाडी बंद असतानाच्या टॅक्सीभाड्याचा, बुडालेल्या कामाचा. तो जवळपास प्रत्येक हमीपुस्तिका नाकारते, मात्र सेवेत कसूर सिद्ध झाल्यास ग्राहक आयोग त्याची भरपाई देऊ शकतो.

सर्वांत जास्त भांडणे ज्या अटीवरून होतात ती मिस्त्रीची आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांचा बाजार अडवून ठेवल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला आणि बाहेरच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली एवढ्या कारणाने हमी रद्द होईल अशी सरसकट अट घालू नये, असेही बजावले. दंडाचा वाद पुढे वरच्या न्यायपीठांत गेला. आयोगाचा तर्क मात्र अमेरिकेने १९७५ मध्ये मान्य केलेल्या तत्त्वाशी जुळणारा आहे, आणि बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला हे दाखवण्याची जबाबदारी त्यात कंपनीकडे झुकते. २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम, जो जुलै २०२० पासून लागू झाला, याच्या पुढे गेला: उत्पादन उघड हमीनुसार नसेल आणि त्यामुळे हानी झाली, तर हमी देताना निष्काळजीपणा वा फसवणूक नव्हती हे सिद्ध करूनही उत्पादकाची सुटका होत नाही, असे त्याच्या कलम ८४ मध्ये म्हटले आहे, आणि ग्राहकावर एकतर्फी बोजा टाकणाऱ्या अनुचित कराराची व्याख्याही त्यात आली आहे.

बाजारात मुदती पुन्हा लांबत आहेत. मारुती सुझुकीने २०२४ साली आपली मूळ हमी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरवर नेली, आणि त्यानंतरच्या वर्षांसाठी पैसे घेऊन वाढीव हमी विकण्याचा व्यवसाय सर्वच कंपन्या करतात. ती नावाने हमी असली तरी स्वरूपाने सेवेचा स्वतंत्र करार आहे आणि तिच्या अपवादांची यादी मूळ हमीपेक्षा लांब असू शकते. विजेवरील मोटारींनी तर जुन्या तर्कालाच पेचात टाकले आहे. बॅटरीची साठवणक्षमता वापराने घटतच जाते, म्हणजे झीज हा तिचा स्वभाव आहे, आणि झीज तर हमीतून पहिल्यापासून वगळलेली. पण बॅटरीच गाडीतील सर्वांत महाग भाग असल्यामुळे ती वगळून गाडी विकता येत नाही. म्हणून टाटा मोटर्सने नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी दिली, आणि क्षमता मूळच्या अमुक टक्क्यांखाली, अनेक कंपन्यांच्या बाबतीत ७० टक्क्यांखाली, गेली तर तो दोष मानावा असा आकडा जगभरच्या हमीपत्रांत प्रथमच लिहिला जाऊ लागला. तो आकडा मोजणारे यंत्र आणि त्याचे वाचन करणारा तंत्रज्ञ मात्र बहुतेक ठिकाणी अजूनही कंपनीच्याच सेवाकेंद्रात आहे, आणि तपासणीत कंपनीचे समाधान झाले पाहिजे, ही १९५५ सालच्या प्लिमथच्या अर्जामागची अट त्या खोलीत लागू राहते.